रथ, सायकल आणि जोडणारा

सायकलच्या दुकानात कारखान्यातून सायकल येत नाही. येतात ते भाग. साध्या काळ्या सायकलीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. फ्रेमचा एक गठ्ठा, एकमेकींना बांधलेल्या रिमा, आऱ्यांची पुडकी, हब, चिमटा, हँडल, मडगार्ड, चेनकव्हर आणि पुडीत बांधलेले छर्रे असा तो पसारा असतो. टायर-ट्यूब, सीट, स्टँड आणि कॅरिअर अनेकदा गिऱ्हाईक वेगळे निवडते. कारागीर दुकानामागच्या फरशीवर गोणपाट अंथरून बसतो, पान्हे बाजूला मांडतो आणि दुपार सरेपर्यंत त्या पसाऱ्यातून एक सायकल उभी करतो. जुन्या घाटाच्या नव्या ‘सिटी’ सायकली खोक्यातून येतात. त्यांची मोठी जोडणी आधीच झालेली असते, पण पुढचे चाक, हँडल, पायडल आणि सीट बसवल्याशिवाय त्याही रस्त्यावर येत नाहीत.

त्या दुपारी नेमके काय घडते? वरवर पाहता हा यंत्राचा प्रश्न आहे, पण भारतीय तत्त्वज्ञांनी त्यावर हजाराहून अधिक वर्षे कडाक्याचा वाद घातला आहे. भागांहून वेगळी अशी एखादी अखंड वस्तू खरोखर असते का? असली तर ती कोणत्या क्षणी जन्माला येते? आणि नसली तर ‘माझी सायकल’ म्हणणारा माणूस कशाबद्दल बोलत असतो? परवडणाऱ्या किमतीत जुन्या घडणीची सायकल घेऊन रोज कामावर जायचे ठरवणाऱ्याला हा वाद पोथीत ठेवून चालत नाही. काय विकत घ्यावे, कशावर खर्च करावा आणि काय सांभाळावे, या तिन्हींची उत्तरे त्याच वादातून निघतात.

आधी वस्तूची ओळख. ज्या घडणीला आज जुनी म्हणतात तिचे मूळ १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत आहे. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि चेनने फिरणारे मागचे चाक ही तिची ओळख होती. तीन वर्षांनी, १८८८ साली, जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले आणि मराठी उद्योगाच्या इतिहासातले एक मोठे घराणे त्या दुकानातून पुढे आले. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रासजवळचे अंबत्तूर, सोनीपत आणि लुधियाना इथले कारखाने हीच ब्रिटिश घडण लाखोंच्या संख्येने काढू लागले. २८ इंची चाके, ताठ बसवणारे मागे वळलेले हँडल, पूर्ण झाकलेली चेन, रुंद मडगार्ड, दणकट कॅरिअर, सळईचे ब्रेक आणि वीस किलोंच्या आसपास वजन, अशी ही सायकल दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची आणि शिक्षकाची होती. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत तेव्हा रस्ते याच सायकलींनी भरलेले असत.

आज ही घडण घ्यायची तर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नवी काळी सायकल. ती अजून बनते आणि गियरच्या दिखाऊ सायकलींपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. दुसरा म्हणजे जुन्या घाटाची नवी सिटी सायकल. तिला तपकिरी सीट, पुढे टोपली आणि बाकदार नळ्या असतात. ती हलकी असते आणि थोडी महागही. तिसरा मार्ग जुनी फ्रेम मिळवून तिच्यावर नवे भाग चढवण्याचा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा भंगाराच्या दुकानात चांगल्या पोलादाची फ्रेम हाती लागू शकते. मग हब, रिमा, चेन आणि फ्रीव्हील नवे घालून कामाची सायकल तयार होते.

तिन्ही मार्गांवर जोडणीची दुपार टळत नाही.

खोके उघडण्यापूर्वीच पहिला मतभेद सुरू होतो. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच असते. तेल तिळात असते म्हणून तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेने या मताच्या बाजूने पाच युक्तिवाद दिले आहेत. त्यानुसार सायकल खोक्यातच आहे. कारागीर तिला फक्त प्रकट करतो. न्याय आणि वैशेषिक परंपरा याच्या नेमकी उलट बोलते. तिच्या मते कार्य ही संपूर्णपणे नवी वस्तू आहे आणि उत्पन्न होण्यापूर्वी ती कुठेच नसते. धाग्यांचा ढीग म्हणजे कापड नव्हे. धाग्यांचा विशिष्ट संयोग झाला की कापड नावाचे नवे द्रव्य जन्मते आणि ते धाग्यांत ‘समवाय’ संबंधाने राहते. या दुसऱ्या मतानुसार सकाळी गोणपाटावर सायकल नव्हती आणि संध्याकाळी आहे. जगात एका वस्तूची भर पडली आहे.

बौद्धांना हे मान्य नव्हते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा यवन राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. नागसेन म्हणतात की ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारातले नाव आहे, त्यामागे कुणी कायमचा पुरुष सापडत नाही. राजा हरकत घेतो. तेव्हा नागसेन त्याला विचारतात की तो इथे कसा आला. राजा रथातून आलेला असतो. मग दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके, सांगाडा, जू, लगाम म्हणजे रथ का, असे एकेक प्रश्न येतात आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग मिळून रथ का, यालाही नाही. भागांवाचून रथ आहे का, यालाही नाही. शेवटी राजा स्वतःच कबूल करतो की या भागांच्या आधाराने ‘रथ’ असे नाव पडते, एवढेच. नागसेन म्हणतात, माणसाचेही तसेच. हा दृष्टान्त त्यांच्या आधी वजिरा या भिक्खुणीच्या तोंडी संयुत्त निकायात आला आहे आणि नागसेन तिचा दाखला देतात.

महाराष्ट्रात हा संवाद केवळ अभ्यासकांपुरता राहिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या शिक्षणाच्या जागेला प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची नावे मिळाली. माणसात कायमचे, जन्माने ठरलेले असे काही सार नसते, हा नागसेनांच्या रथाचा अर्थ तिथे जिवंत होता.

आता हाच प्रश्न गोणपाटावर विचारून पाहता येतो. फ्रेम म्हणजे सायकल का? नाही. चाके? नाही. हँडल, चेन, पायडल? नाही. सगळे भाग पोत्यात भरले तरी त्याला कुणी सायकल म्हणणार नाही. इथपर्यंत नागसेन बिनतोड आहेत.

न्यायपरंपरेचे उत्तर मात्र कारागिराच्या हाताला लगेच पटण्यासारखे आहे. न्यायसूत्रांत अखंड वस्तूच्या बाजूने एक युक्तिवाद धरण्याचा आणि ओढण्याचा आहे. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते. एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. धान्याच्या राशीबाबत असे होत नाही; एक दाणा उचलला तर एकच दाणा हाती येतो. जोडलेली सायकल सीटला धरून उचलली तर पुढचे चाकही मागोमाग येते. मग तिथे काहीतरी एक आहे, असे म्हणायला नको का? या परंपरेचा प्रामाणिकपणा असा की शंकाही तिच्याच भाष्यात नोंदवली आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन लाखेने चिकटवलेल्या गवत, दगड, लाकडाचे उदाहरण घेतो. ते सगळे एकत्र उचलता येते, पण तिथे कुणी नवी वस्तू जन्मल्याचे मानत नाही. म्हणजे नुसते एकत्र उचलले जाणे पुरेसे नाही. चिकटणे वेगळे आणि एक होणे वेगळे.

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या परंपरेने याहून टोकदार आक्षेप घेतला. अखंड वस्तू खरोखर एकच असेल तर तिचा एक भाग हलताना ती सगळी हलायला हवी, एक भाग झाकला तर सगळी झाकली जायला हवी, एक भाग रंगला तर सगळी रंगायला हवी. कारागीर सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करतो आणि मागचे चाक जोरात फिरवतो. चाक फिरते आहे, फ्रेम स्थिर आहे. सायकल हलते आहे की नाही? ‘एक’ वस्तू एकाच वेळी हलते आणि हलत नाही, असे म्हणावे लागेल. रंगाच्या आक्षेपाला नैयायिकांनी धीट उत्तर दिले. अनेक रंगांच्या कापडाचा ‘चित्र’ हा स्वतःचा एक वेगळाच रंग असतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रंगांचे सात प्रकार आहेत आणि त्यांतला सातवा चित्र. मुंबई संस्कृत मालेत आठल्ये आणि बोडस यांनी या छोट्या ग्रंथाची टिपांसह आवृत्ती काढली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. काळी फ्रेम आणि चकचकीत रिमांच्या सायकलीला या मतानुसार अख्खा असा एक चित्ररंग आहे. हलण्याच्या आक्षेपाला मात्र इतके सरळ उत्तर नाही.

या वादात दोन्ही बाजूंना माहीत नसलेली एक गोष्ट सायकलीत आहे, आणि ती आहे तिचे चाक.

रथाच्या चाकात लाकडी आरे असतात. आसावरचा भार खालचा आरा जमिनीकडे ढकलतो. प्रत्येक आरा एकटाही काही भार पेलू शकतो. सायकलीचा आरा म्हणजे बारीक तार. ती उभी करून तिच्यावर हाताने दाब दिला तर लगेच वाकते. अशा तारेवर माणसाचे वजन उभे राहणार कसे? त्याचे उत्तर ताणात आहे. जॉर्ज केली यांनी १८०८ साली ताणलेल्या आऱ्यांच्या हलक्या चाकाची कल्पना लिहून ठेवली होती. पुढे १८७४ साली जेम्स स्टार्ली यांनी आरे हबला स्पर्शरेषेत, एकमेकांना छेदत बसवण्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून चाक असे बनते: प्रत्येक आरा रिमला आत खेचतो, सगळे मिळून खेचतात, आणि त्या परस्पर ओढीने रिम गोल आणि ताठ राहते. सायकलस्वार बसला की जमिनीजवळच्या आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो. भार प्रामुख्याने त्या कमी होण्यातून पेलला जातो; ताण पुरेसा असेल तर तो शून्यावर येत नाही आणि तार वाकत नाही. ब्रिटिश घडणीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असत, आणि भारतीय काळ्या सायकलींनी ती मांडणी सांभाळली.

या ७२ तारांपैकी एकीतही भार पेलण्याची ती शक्ती नाही. पुडक्यात बांधलेल्या ७२ तारांतही नाही. रिम, हब आणि आरे हे सगळे भाग बसवून झाले पण ताण दिला नाही, तरीही नाही. चाक दिसायला पूर्ण असते आणि माणूस बसताच कोसळते. शक्ती येते ती कारागीर चाक स्टँडवर फिरवत, आऱ्यांच्या टोकांची निपल पाव-पाव फेरा आवळत आणि सैल करत ‘आऊट काढतो’ तेव्हा. एक आरा जास्त ओढला की रिम डावीकडे जाते, म्हणून समोरचा ओढावा लागतो. मग वरची बाजू उंचावते, म्हणून पुन्हा मागे यावे लागते. इथे एका भागाची अवस्था बाकी सगळ्या भागांवर अवलंबून आहे. लाखेने चिकटवलेल्या गवताहून हे निराळे आहे, कारण गवताची काडी चिकटल्यावरही तीच काडी राहते, ताणलेला आरा मात्र एकटा जे करू शकत नव्हता ते करू लागतो.

तेव्हा नैयायिकांना एवढे द्यावेच लागते की जोडणीनंतर काहीतरी खरोखर नवे येते. ते नुसते नाव नाही, कारण नावाने माणसाचे वजन पेलत नाही. आणि नागसेनांना एवढे द्यावे लागते की ते नवे काही भागांपलीकडे लपलेले सार नव्हे. निपल सैल केले की ते जाते, कुठेही न जाता जाते.

पायडलांतही हाच धडा लहान आकारात सापडतो. उजव्या पायडलाचे आटे नेहमीचे असतात, डाव्याचे उलटे. पायडल मारताना फिरता भार आटे हळूहळू सरकवत राहतो. डाव्या बाजूला साधे आटे ठेवले तर पायडल काही दिवसांत सुटून पडेल. क्रँकच्या आसाच्या उजव्या कपालाही याच कारणाने उलटे आटे असतात. घरी जोडणारे अनेकजण डावे पायडल जोराने चुकीच्या बाजूला आवळतात आणि क्रँकचे आटे कायमचे खराब करतात. एकटे पाहिले तर डाव्या पायडलाचे आटे चुकीचे वाटतात. सायकलीत पाहिले तरच ते बरोबर आहेत. भागाचे बरोबर-चूक अखंड वस्तूवरून ठरते. ही बाब अखंड वस्तू नाकारणाऱ्यांना सहज बाजूला सारता येत नाही.

जुन्या ‘घाटा’च्या सायकलीचा प्रश्न इथून पुढे उभा राहतो. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ चंद्रकीर्तीने ‘मध्यमकावतार’ या ग्रंथात नागसेनांचा रथ पुन्हा तपासला आणि सात पर्याय मांडले. रथ भागांहून वेगळा नाही, भागांशी एकरूप नाही, तो भागांचा मालक नाही, भागांत नाही, भाग त्याच्यात नाहीत, तो भागांची गोळाबेरीज नाही, आणि शेवटी तो आकारही नाही. शेवटचा पर्याय इथे महत्त्वाचा आहे. आकारच रथ असेल तर तो कुणाचा आकार? प्रत्येक भागाचा आकार जोडणीआधी होता तसाच आहे. आणि समूह ही स्वतंत्र वस्तूच नसेल तर तिला आकार कुठून येणार? चंद्रकीर्ती पुढे हेही मान्य करतो की लोकव्यवहारात रथ आहे, त्याला भाग आहेत आणि तो काम करतो. त्या व्यवहाराला धक्का लावण्याचे कारण नाही.

जुन्या घाटाची सायकल म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा फक्त आकार असतो. बाकदार नळी, तपकिरी सीट, पितळी रंगाची घंटी, हस्तिदंती रंगाचे टायर. पण चेन उघडी, मडगार्ड अरुंद, कॅरिअर शोभेचे आणि बेअरिंग असे की बिघडले तर टाकूनच द्यावे लागेल. जुन्या सायकलीचा आकार एखाद्या चित्रकाराने ठरवला नव्हता. चेन झाकली कारण धोतर, पायजमा आणि साडी ग्रीसने खराब होऊ नये, आणि पावसात चेन गंजू नये. मडगार्ड रुंद केले कारण रस्ते चिखलाचे होते. हँडल मागे वळवले कारण स्वार ताठ बसून रहदारी पाहू शकतो. बेअरिंग कप, कोन आणि सुट्या छर्ऱ्यांचे ठेवले कारण गावातल्या कारागिराला ते उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवता येते. ही कारणे ज्या नव्या सायकलीत शिल्लक आहेत ती आजच्या कारखान्यातून आली तरी खऱ्या अर्थाने जुन्या घडणीची आहे. ज्या सायकलीत कारणे गेली आणि रूप उरले, तिच्याबाबत चंद्रकीर्तीचा सातवा नकार लागू पडतो.

उलट बाजूने, कारण संपले असेल तर जुने रूप सोडण्यातही अपमान नाही. सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर रबर दाबतात आणि सळई वर्षानुवर्षे टिकते. पण चकचकीत पोलादी रिम ओली झाली की त्यांची पकड फार कमी होते. पुणे, मुंबई किंवा पणजीच्या पावसाळ्यात रोज बस-ट्रकांच्या मधून जाणाऱ्याने अॅल्युमिनियमची रिम आणि तारेचे कॅलिपर ब्रेक घ्यावेत. दुकानात जाताना प्रश्नही त्यानुसार ठरवावेत. हब उघडता येतो का? या रिमच्या मापाचा टायर तालुक्याच्या गावात मिळेल का? क्रँक खिळीचा आहे की चौकोनी आसाचा, आणि सुटा मिळतो का? सीटची नळी उंचीला पुरेशी वर येते का? पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकून पाय सरळ होतो, ती उंची बहुतेकांना सोयीची पडते.

जोडणी झाली, सायकल रस्त्यावर आली, की काळाचा प्रश्न सुरू होतो. वर्ष-दोन वर्षांत टायर बदलतो, मग चेन आणि फ्रीव्हील, मग सीट, मग एक रिम. दहा वर्षांनी फ्रेमशिवाय मूळचे काहीच उरत नाही. ती तीच सायकल आहे का? अथेन्सवासीयांनी थीसियसचे जहाज जपताना त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि ते तेच जहाज राहिले का यावर तत्त्वज्ञ भांडत, असे प्लुटार्कने लिहिले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५५ साली ‘दे कॉर्पोरे’ या ग्रंथात त्यात पेच वाढवला: कुणी त्या सगळ्या काढलेल्या फळ्या जमवून त्याच क्रमाने जोडल्या तर खरे जहाज कोणते? भंगारवाल्याच्या दारात हा पेच रोज घडू शकतो. एका सायकलीचे काढलेले चाक, जुना चिमटा आणि सीट दुसऱ्याच्या सायकलीत जाऊन बसतात.

नैयायिक इथे स्वतःच्याच सिद्धान्ताला धीटपणे चिकटून राहतात. कापडाचा तुकडा कापला की मूळ कापड नष्ट होते आणि ‘खंडपट’ म्हणजे नवे लहान कापड जन्मते, असे त्यांचे मत आहे. त्या हिशेबाने एक आरा बदलला की जुनी सायकल गेली आणि नवी आली. बौद्ध तर क्षणाक्षणाला नवे मानतात. मिलिंदपञ्हातच रात्रभर जळणाऱ्या दिव्याची उपमा आहे: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नाही, पण निराळीही नाही. पोलिसांचा आणि न्यायालयाचा मार्ग अधिक सोपा आहे. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक जुळला की सायकल तीच. म्हणून खरेदीच्या पावतीवर तो क्रमांक लिहून घेणे शहाणपणाचे आहे. पण क्रमांक चोरी सिद्ध करण्यापुरता उपयोगी आहे. गंजून पडलेल्या, चाके वाकलेल्या फ्रेमवरही तो शाबूत असतो, आणि तिला कामाची सायकल म्हणता येत नाही.

या कोड्यातून बाहेर पडायची वाट न्यायशास्त्राच्याच एका विभागणीत आहे, पण ती थोडी पुढे न्यावी लागते. न्यायमतानुसार कोणत्याही द्रव्याला तीन प्रकारची कारणे लागतात. धागे हे कापडाचे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर व त्याची साधने हे निमित्त कारण. पहिल्या दोन कारणांपैकी एक नष्ट झाले तर कापडही नष्ट होते. निमित्त कारणाचे तसे नाही. विणकर घरी गेला, गावाला गेला, वारला तरी कापड राहते. कुंभार निघून गेला तरी घडा उभा असतो. कापड आणि घडा ही उदाहरणे समोर ठेवून विचार केल्यामुळे निमित्त कारण हे एकदा येऊन जाणारे ठरले.

सायकलीचे चाक समोर ठेवले असते तर कदाचित वेगळे लिहिले गेले असते. नव्या चाकाचे आरे पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या जागी बसतात आणि ताण उतरतो. क्रँकच्या खिळ्या दबतात आणि पुन्हा आवळाव्या लागतात. ब्रेकच्या तारा लांबतात. कोन सैल होऊन चाक बाजूला डुलू लागते. म्हणजे संयोग हे असमवायी कारण कधीच पक्के होऊन बसत नाही. ते सतत ढळत असते आणि कुणीतरी ते परत जागेवर आणत असते. ज्या वस्तूचे अखंडपण ताणात आणि जुळणीत आहे, तिच्या बाबतीत निमित्त कारण निघून जाऊ शकत नाही. जोडणारा आणि सांभाळणारा त्या वस्तूच्या असण्यात शेवटपर्यंत सामील असतो. दहा वर्षांनंतरची सायकल तीच का, याचे उत्तरही इथेच आहे. भाग बदलले तरी तिची जुळणी राखण्याचे काम तुटले नाही, म्हणून ती तीच आहे. जिची देखभाल थांबली तिचे सगळे भाग मूळचे असले तरी ती सायकल संपत चालली आहे.

महाराष्ट्रात हे ज्ञान पोथीत नसले तरी आचारात आहे. दसऱ्याला आणि त्याआधी खंडेनवमीला घराघरांत अवजारांची आणि वाहनांची पूजा होते. सायकल धुतली जाते, चेनला तेल मिळते, हँडलला झेंडूची माळ आणि हळद-कुंकू लागते. कुंकू एकाच ठिकाणी लावतात, ७२ आऱ्यांना वेगवेगळे लावत नाहीत. पूजा अखंड वस्तूचीच होते. आणि पूजेआधी धुणे, पुसणे, तेल देणे हे सगळे आलेच. ज्या वस्तूवर पोट अवलंबून आहे तिच्याकडे वर्षातून एकदा तरी नीट पाहण्याचा हा नियम आहे. चामड्याच्या, लोखंडाच्या, लाकडाच्या कामावर जगणाऱ्या अनेक जातींनी आणि कसबांनी तो पाळला आहे.

व्यवहारात मात्र उलट घडते. दुकानदार सीटचे, टोपलीचे, घंटीचे पैसे घेतो आणि जोडणी फुकट म्हणून सांगतो. गिऱ्हाइकालाही ते बरे वाटते. फुकट जोडणी घाईची होते. कोन घट्ट राहतात आणि छर्रे कपात खड्डे पाडतात, आऱ्यांचा ताण कमी-जास्त राहतो, ग्रीस कंजूषपणे लागते. थोड्याच दिवसांत ‘सायकल हलकी चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि बहुतेकदा दोष फ्रेमला दिला जातो. कमी पैशांत कामाची सायकल हवी असेल तर खर्चाची वाटणी बदलावी. टोपली आणि रंगीत टायर सोडून द्यावेत आणि तेच पैसे चाके नीट बांधणाऱ्या कारागिराला द्यावेत. महिनाभराने सायकल पुन्हा त्याच्याकडे न्यावी आणि त्या दुसऱ्या फेरीचेही पैसे द्यावेत. रोजची हवा, आठवड्याचे तेल आणि ब्रेकची तार आवळणे स्वाराने स्वतः शिकावे. हबचे कोन आणि चाकाचा आऊट मात्र जाणत्या हाताकडे सोपवावा.

असे केले तर एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर न्यायशास्त्रात किंवा नागसेनांच्या संवादात तयार मिळत नाही. स्वार रोज हवा भरतो, कारागीर वर्षातून दोनदा सगळी खोलतो आणि जुळवतो. सायकलीचे अखंडपण दोघांच्या हातांनी राखले जाते, पण मालक एकच म्हटला जातो. पावतीवर नाव एकाचे, निमित्त दोघे. चौकाचौकांतली सायकलची दुकाने बंद पडत चालली आहेत आणि आऊट काढणारे हात कमी होत आहेत. अशा वेळी त्या दुसऱ्या माणसाला या वस्तूत नेमका किती वाटा आहे, आणि स्वार त्याचे काय देणे लागतो, हे ठरवण्याचे काम आता सायकल घेणाऱ्यांच्या पिढीकडे आले आहे.